एक चेंडू मागे

अक्का गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं एकच मॅच बघत होतो. ती आतल्या खोलीत, मी बाहेर हॉलमध्ये. मध्ये एक भिंत आणि एक दार, आणि ते दारही उघडंच. शेवटचं षटक सुरू झालं आणि आतून हाक आली, "तम्मुडू, हितं नुसतं चाक फिरायलंय रे!" तम्मुडू म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. माझी पन्नाशी उलटली तरी बहिणीच्या तोंडी माझं नाव तेच होतं, आणि हाकही अशी, की अक्काला भावाकडं काहीतरी काम आहे हे गल्लीतल्या चार घरांना कळावं. मी जागचा न उठता म्हणालो, "नेट अडकलं असेल. येईल आत्ता, थांब जरा." 'बाहेर ये, इथं बस' असं म्हणायला मला सोफ्यावरची एक उशी तेवढी बाजूला करावी लागली असती. म्हटलं नाही...

थोड्या वेळानं आतून तिची नेहमीची आरोळी आली, "गेलाऽऽ!" चित्र सुरू झालं असणार, असं मी धरून चाललो. मॅच संपल्यावर तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती खाटेवर भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसली होती आणि समोर पडद्यावर ते गोल चाक तसंच फिरत होतं. "भारी झाली की रे मॅच," ती म्हणाली. मी "हं" म्हणालो आणि वळलो. आमची ती शेवटची भेट. सकाळी माझी बायको शैला चहा घेऊन आत गेली आणि भरलेला कप तसाच हातात धरून परत आली. तिनं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माणसं भेटायला आली, बसली, गेली. जो तो म्हणायचा, "भाग्यवान बाई. भावानं शेवटपर्यंत सांभाळलं. वेगळी खोली, वेगळा टीव्ही... कोण करतं आजकाल?" मी मान हलवायचो. मान हलवून हलवून दमलो, म्हणून हे लिहायला बसलो. बोलणं मला कधीच जमलं नाही. आमच्या घरातला सगळा आवाज अक्काच्या वाट्याला गेला होता, माझ्यासाठी काही उरलाच नव्हता.

तो आवाज तिला कारखान्यानं दिला. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, मागावरची माणसं. आई लवकर गेली. अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न झालं, पण नवरा लवकरच आजारात गेला आणि ती माहेरी परतली ती कायमची. टॉवेलच्या एका कारखान्यात ती कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी गुंडाळी. ती संपली की माग थांबतो, म्हणून भरणाऱ्या बाईचा हात थांबून चालत नाही. मी शिकलो, कचेरीत चिकटलो, तो त्या हातावर. त्या कारखान्यात मालकानं खिळ्याला एक ट्रान्झिस्टर अडकवला होता. माग चालू असताना तो कुणालाच ऐकू यायचा नाही. अक्काचं कांडीचं मशीन मात्र बरोबर त्याच्या खाली. मान तिरकी करून, एक कान वर लावून ती कॉमेंटरी ऐकायची आणि विकेट पडली की मागे वळून सगळ्या मागांच्या खडखडाटावरून आरोळी ठोकायची, "गेलाऽऽ!" लांबच्या मागावरचे कामगार हातानंच विचारायचे, कोण? मग ती खेळाडूचं नाव दोन तुकडे करून फेकायची, बोटांनी धावा दाखवायची, आणि आपला माणूस बाद झाला असेल तर कपाळावर हात मारून दाखवायची. बॅट कशी धरतात हे तिनं तोवर पाहिलंही नव्हतं. पण अख्ख्या कारखान्याला बातमी मिळायची ती अक्काच्या तोंडून. आधी तिला, मग जगाला.

मी शाळेतून येताना तिचा डबा घेऊन जायचो आणि दारात उभा राहायचो. तिची आरोळी उठली की माझी छाती फुगायची. एकदा एका मागवाल्यानं मला विचारलं, "तू कोणाचा रं?" मी काही म्हणायच्या आत दुसराच ओरडला, "अरे, त्या गेलावाल्या अक्काचा भाऊ की!" हे सांगतो एवढ्यासाठी, की त्या आवाजाची लाज मला जन्मापासून नव्हती. ती पुढं आली. कचेरीत आली. तिथं सगळे हळू बोलायचे, हळूच हसायचे, आणि मीही शिकलो. मग घरी आलं की अक्का! सोफ्यावर मांडी घालून बसलेली, मालिकेतल्या सुनेला समोर बसल्यासारखी झापणारी, "अगं तोंड हाय का न्हाई तुला? बोल की!" बातम्या सांगणाऱ्या माणसाला म्हणायची, "हळू बोल बाबा, आमी काय बहिरे हाव व्हय?" मॅच असली की प्रत्येक चेंडूला दोनदा कॉमेंटरी, एकदा टीव्हीतून, एकदा अक्काकडून. कचेरीतले एक साहेब एकदा घरी आले होते. जाताना हसत म्हणाले, "तुमच्याकडं रिमोटवर आवाज कमी करायचं बटण चालत नाही वाटतं." मी पण हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही नवा मोठा टीव्ही घेतला. जुना काय करायचा? मी म्हणालो, अक्काच्या खोलीत लावू. सगळ्यांना वाटलं, काय भावाचं मन! केबलवाला आला, हॉलमधल्या बॉक्सच्या मागून एक लांब वायर काढून दाराच्या चौकटीवर भोक पाडून त्यानं ती आत नेली. म्हणाला, "दुसरा बॉक्स भाड्यानं घ्यायची गरजच न्हाई साहेब. एका बॉक्सवर दोन टीव्ही चालतात. फक्त बाहेर जे लागंल तेच आत दिसंल." मला ते पटलं. अक्का आत बसून बघत होती, केबलवाला गेला होता, आणि शैलानं मला हळूच विचारलं, "त्यांना इथं बसून बघायला आवडतं हो. आत कशाला?" तेव्हा मी जे म्हणालो ते आज पहिल्यांदा लिहितोय. मी म्हणालो, "तिचा आवाज डोक्यात जातो माझ्या. ती आत बसली की घर जरा घरासारखं वाटेल." शैला दाराकडं बघत म्हणाली, "हळू! ऐकतील ना." आणि मी म्हणालो, "तिला कुठं ऐकू येतंय? मागानं कान गेलेत तिचे." एवढी मोठ्यानं बोलणारी बाई बहिरीच असणार, हे मी कधी ठरवून टाकलं होतं कुणास ठाऊक. कुठल्या डॉक्टरला दाखवलं नव्हतं, की तिला विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं अक्का तांब्या घेऊन पाण्यासाठी बाहेर आली. चेहरा नेहमीसारखा. "लई झकास दिसायलंय रे आत," म्हणाली. दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगून आली, "माझ्या तम्मुडूनं मला येगळा टीव्ही दिला!" त्यानंतर टीव्ही बघायला म्हणून ती हॉलमध्ये कधी आली नाही. मला वाटायचं, तिला आत आवडतंय.

त्या वायरचे दिवस मजेचे होते, हेही सांगायला हवं. बाहेरचा रिमोट ज्याच्या हातात, त्याच्या हातात अक्का. ती मॅचमध्ये रंगलेली असायची आणि शैला बाहेर मालिका लावायची. लगेच आतून, "अगं शैले! चेंडू हवेत हुता की गं! झेलला का न्हाई तेवढं तरी बघू द्यायचं!" मग शैला दोन मिनिटं मॅच लावायची, झेल कधीच होऊन गेलेला असायचा, आणि अक्का आतून निकाल द्यायची, "सोडला आसंल. तुझ्या मालिकेच्या पायात सोडला त्यानं." कधी उलटं व्हायचं. मी बाहेर बातम्या बघत असायचो आणि आतून आवाज यायचा, "तम्मुडू, हा माणूस खोटं बोलायलाय बघ!" म्हणजे आवाज आत गेला, तरी यायचा बाहेर. पण मधे भिंत आली होती, त्यामुळं मला उत्तर द्यावं लागत नव्हतं. मला तेवढंच हवं होतं, बहुतेक.

पुढं आमची मुलगी अनू पुण्याला नोकरीला लागली. दिवाळीत आली तेव्हा आत्त्याची ही फरफट बघून म्हणाली, "बाबा, कसल्या वायरी ओढताय? आपल्याच केबलचं ॲप असतं. त्याच वर्गणीत आत वेगळं चॅनेल बघता येतं." तिनं जुन्या टीव्हीच्या मागे बोटाएवढी एक काडी खोचली, नेटला जोडली, आणि आत्त्याच्या हातात तिचा स्वतःचा रिमोट दिला. अक्कानं तो पदरानं पुसला. चौकटीवरची वायर निघाली. बाहेर मालिका, आत मॅच, सगळे सुखी. पहिल्या मोठ्या मॅचला मात्र गंमत झाली. त्या दिवशी मीही बाहेर मॅचच लावली होती. विकेट पडली, अनू टाळ्या पिटत ओरडली, आणि आतून अक्काचा आवाज आला, "काय झालं गं? हितं तर आत्ता पळत यायलाय तो!" ॲपवरचं चित्र बॉक्सच्या मागे होतं. जवळजवळ एक चेंडू मागे. बाहेर माणूस बाद होऊन निघालेला असायचा आणि आत तोच माणूस बॅट आपटत तयार उभा असायचा.

अनू म्हणाली, हे असंच असतं, नेटवरून उशिरा पोचतं. ती परत पुण्याला गेली. पण मला ते लागून राहिलं. जिनं सगळ्या कारखान्याला आधी सांगितलं, तिला माझ्या घरात सगळ्यात शेवटी कळायचं... तरी 'बाहेर ये' म्हणालो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. इतके दिवस आत बसवल्यावर एकदम बाहेर बोलावलं, तर ती विचारेल, आज काय झालं? याची भीती होती. मग मी माझ्या स्वभावाला झेपेल अशी वाट काढली. बाहेर विकेट पडली की ओरडायचं नाही. मी तोंडावर हात ठेवायचो, शैलाला खुणावायचो, पाहुणा असेल तर त्याचा हात दाबायचो. सगळे श्वास धरून दाराकडं बघत बसायचे. मग आतून यायचं, "गेलाऽऽ!" आणि तेव्हा आम्ही ओरडायचो, जणू आत्ताच पडली. घरात तो शब्दच होऊन बसला. षटकार गेला की शैला कुजबुजायची, "अक्कांचा अजून जायचाय." फोनवर अनू विचारायची, "आत्त्याची पडली का?" गल्ली बाहेर दणाणत असायची, पोरं फटाके लावायची, पण त्याचं मला काही वाटायचं नाही. हॉलमधली आरोळी तिला जेमतेम पोचते, गल्लीतलं कुठं ऐकू येतंय! एक गोष्ट तेव्हाही दिसत होती. कचेरीतलं कुणी घरी आलं की तिच्या टीव्हीचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. मला तो योगायोग वाटायचा. माणसाला जे कळून घ्यायचं नसतं त्याला तो बरोबर योगायोग म्हणतो.

दहाएक दिवसांपूर्वी मुमताजभाभी आल्या. शेजारच्याच, अक्काच्या मैत्रीण. दुपारच्या मॅचला दोघी त्या खाटेवर बसून शेंगा सोलायच्या. दिवस झाल्यावर पहिल्यांदाच आत जाऊन बसल्या, रडल्या, डोळे पुसले आणि मग आठवणीनं हसायला लागल्या. "क्या नाटकी थी तुमारी अक्का, भाई! बाहर गल्ली में बच्चे चिल्लाते, अक्का कू मालूम पड़ जाता, आउट हुआ. मैं चिल्लाने कू जाती तो मेरा मुँह दाब लेती. बोलती, चुप बैठ मुमताज, अपना अब्बी होना है." मी विचारलं, "म्हणजे तिला गल्लीतलं ऐकू यायचं?" भाभी माझ्याकडं बघतच राहिल्या. "ल्लो! अक्का कू? तुमारे हॉल का पंखा कुरकुरता वो बी सुनाई देता था उसकू. मेरे कू बोलती, तम्मुडू कू बोल जरा तेल डाल के."

पंख्याला मी तेल घातलं होतं, भाभींच्या सांगण्यावरून. त्या पुढं सांगत होत्या. "एक दिन मैं पूछी, अक्का, मालूम है तो पहलेच चिल्ला ना, कायकू रुकती? तो बोली, वो बाहर मेरे वास्ते मुँह पे हाथ रख के बैठता है. सब कू चुप बिठाता है. मैं पहले चिल्लाई तो उसका इत्ता चुप बैठना वाया जाता. उसकू बोलना नै आता मुमताज, चुप बैठनाच आता. बैठने दे."

भाभी गेल्यावर मी शैलाला म्हणालो, "तू हॉलमध्ये बस आणि काहीतरी बोल. नेहमीच्या आवाजात. मोठ्यानं नको." मी आत जाऊन अक्काच्या खाटेवर बसलो, भिंतीला टेकून, तिच्यासारखे पाय सोडून. बाहेर शैला कुणाशी नाही तर स्वतःशीच पुटपुटली, "आता काय बोलू मी? काय झालंय यांना..." एकूण एक शब्द आला. शेवटचा उसासासुद्धा. वायर ज्या भोकातून गेली होती ते चौकटीवरचं भोक अजून तसंच आहे. त्यातून तर तो माझ्या कानात ओतल्यासारखा आला. म्हणजे टीव्ही लावला त्या दिवशीचंही आलं असणार. 'डोक्यात जातो' पण आलं असणार, 'घरासारखं वाटेल' पण. ते ऐकून ती तांब्या घेऊन उठली आणि बाहेर येऊन म्हणाली, लई झकास दिसायलंय रे. आणि शेवटच्या दिवशी पडद्यावर चाक फिरत असताना ती "गेलाऽऽ!" ओरडली, ते गल्लीच्या आवाजावर. तिच्या टीव्हीत काहीच नव्हतं. बाहेर मी तोंडावर हात ठेवून बसलोय, हे तिला ठाऊक होतं. किती वेळ बसू द्यायचं, म्हणून तिनं मला मोकळं केलं...

मी हे शैलाला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी ऐकलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या पाण्याला आल्या, पण तांब्या भरलेलाच होता हो. रिकामा करून परत भरला." मी म्हणालो, "मग सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं का?" अक्काची माफी मागायची राहिली, असंही मी लिहिणार नाही. राहिली म्हणजे मागणार होतो असा अर्थ होतो, आणि मी मागणार नव्हतो. आणखी दहा वर्षं ती आत बसली असती तरी मी बाहेर तोंडावर हात ठेवूनच बसलो असतो.

गेल्या रविवारी मॅच होती. मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. अनू फोनवर म्हणाली, "बाबा, आता तिथं कशाला? बाहेर मोठा टीव्ही आहे, एक चेंडू पुढं पण आहे." मी म्हणालो, बसतो जरा. रिमोटला अजून तिच्या पानातल्या कातासारखा वास येतो. खिडकी तिनं ठेवली होती तशी उघडीच आहे. मी बघत होतो, गोलंदाज चेंडू पुसत मागे चालला होता, आणि खिडकीतून एकदम गल्लीचा गलका आला. पोरं नाचायला लागली. पडली होती. मला एक चेंडू आधी कळलं होतं, अक्काला रोज कळायचं तसं. मी कान हॉलकडं लावला. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, शैला बघत होती. तिथून मात्र काही आवाज नाही. मी खाटेवरून जरा वाकून दारातून पाहिलं. शैला पदराचं टोक तोंडावर धरून, श्वास रोखून, आतल्या दाराकडं बघत होती.

माझ्या पडद्यावर गोलंदाज वळला. धावत आला. चेंडू पडला, आत वळला, दांडी उडाली. मी आयुष्यात कधी ओरडलो नाही. आवाज कुठून लावायचा हेही मला ठाऊक नव्हतं. डोळे मिटले, आणि सगळे माग चालू आहेत, शेवटच्या मागावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, असं समजून ओरडलो, "गेलाऽऽ!"